हिमोफिलियाच्या ट्रायलमध्ये मुलाला घालावं का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज ओपीडी संपल्यावर निवांत लिहितेय. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात परत सांगते. मुलगा ८ वर्षांचा, हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ शरीरात जवळजवळ नाहीच. उजव्या घोट्यात महिन्यातून दोनदा तरी ब्लीड होतं. फॅक्टर सिव्हिलमधून मिळतं पण कधी असतं, कधी "पुढच्या आठवड्यात या". पुण्याच्या एका हॉस्पिटलनं नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलंय, शिरेत नाही, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आहे. सासरे म्हणतात माझ्या नातवावर प्रयोग नको, आणि मिस्टर म्हणतात दोन-चार वर्षांत जीन थेरपी येतेय, तोपर्यंत थांबू आणि एकदाच काय ते करू. आणि अगदी शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय की तुमच्या भावालाही हेच आहे आणि त्याचा गुडघा आता सरळ होत नाही. माझ्या मते अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे.

मी गेली एकवीस वर्षं रक्ताच्या आजारांचं काम करतेय, त्यातली बरीचशी हिमोफिलिया क्लिनिकमध्ये, आणि तीन-चार ट्रायलमध्ये डॉक्टर म्हणून प्रत्यक्ष काम केलंय, म्हणजे कंसेंट समजावणं, ब्लीडच्या डायऱ्या तपासणं, रात्री अकराला आईचा फोन घेणं हे सगळं. त्या अनुभवातून सांगते. तुम्ही विचारलंय "नवीन औषध सुरक्षित आहे का". मी तुमच्या जागी असते तर आधी विचारलं असतं की आज माझ्या मुलाला नक्की काय मिळतंय, ट्रायलमध्ये असेपर्यंत काय मिळेल, आणि ट्रायल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काय मिळेल. लोक मधल्यावरच भांडतात, पहिलं आणि तिसरं कोणी विचारतच नाही.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मुलाला इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणारी अँटीबॉडी) आहे की नाही, शेवटची टेस्ट कधी झाली, ते माहीत नाही. घोट्याचा एक्सरे किंवा सोनोग्राफी झाली असेल तर ती मी पाहिलेली नाही. त्यामुळे हो किंवा नाही मी सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर आणि तुम्ही ठरवायचं. विचार कसा करायचा तेवढं सांगते.

आधी घोटा. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन किंवा जास्त ब्लीड झाले की त्याला आम्ही टार्गेट जॉइंट म्हणतो. तुमच्या मुलाचे सहा महिन्यांत बारा होतायत. सांध्यात रक्त आलं की त्यातलं लोह आतल्या नाजूक अस्तरात मुरतं, अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यामुळे पुढचं ब्लीड आणखी सहज होतं, आणि या चक्रात कूर्चा झिजत जाते. एकदा झिजलेली कूर्चा कुठल्याही फॅक्टरनं परत येत नाही. तुमच्या भावाचं लहानपणी हेच झालं असणार, त्या काळी ब्लीड झालं की बर्फ, झोपून राहणं, आणि नशीब असेल तर प्लाझ्मा किंवा त्यापासून काढलेलं क्रायो.

हे मी अंदाजानं नाही सांगत. अमेरिकेत ३० महिन्यांपेक्षा लहान ६५ मुलं घेऊन एक अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. अर्ध्या मुलांना दिवसाआड फॅक्टर, ब्लीड असो नसो. बाकीच्यांना ब्लीड झालं की लगेच भरपूर डोस. सहा वर्षांचे झाल्यावर सांध्यांचे एमआरआय काढले तर पहिल्या गटातल्या ९३ टक्के मुलांचे सांधे चांगले होते आणि दुसऱ्या गटात फक्त ५५ टक्के. दुसऱ्या गटालाही उत्तम उपचार मिळत होता हं, आपल्या सिव्हिलमध्ये मिळतो त्यापेक्षा कितीतरी चांगला. शिवाय काही सांधे असे निघाले की ब्लीड झाल्याचं कोणाला कळलंही नव्हतं आणि आत नुकसान झालेलं होतं. म्हणून "ब्लीड झालं की फॅक्टर देतो, चाललंय" असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते. चाललेलं नसतं.

म्हणजे मिस्टरांच्या "थांबू" या शब्दाचा अर्थ नीट बघा. थांबलात तरी घोटा थांबत नाही. दोन वर्षं थांबायचं म्हणजे याच वेगानं जवळपास पन्नास ब्लीड.

आता सासऱ्यांचं. त्यांची भीती खोटी नाही आणि त्यांना अडाणी समजू नका. हिमोफिलियाच्याच इतिहासात त्याला आधार आहे. इंग्लंडमध्ये ट्रेलोर नावाची एक निवासी शाळा होती, हिमोफिलियाच्या मुलांसाठी तिथेच उपचाराची सोय होती. २०२४ मध्ये ब्रिटनच्या दूषित रक्ताबद्दलच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की या मुलांवर पालकांना नीट न सांगता, संमती न घेता संशोधन केलं गेलं. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुलं तिथे शिकली, त्यातली आज साधारण ३० हयात आहेत, कारण त्यांना दिलेल्या फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस पसरला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही काम सुचलं नव्हतं.

पण यातली अजून एक गोष्ट सासऱ्यांना जरूर सांगा. त्या मुलांना मारणारं औषध हे ट्रायलमधलं नवं औषध नव्हतं, ते बहुतांशी रोजच्या वापरातलं फॅक्टर होतं, आणि कोणाला काय होतंय याचा हिशोब कोणी वेळेवर ठेवला नाही. संमती नसणं आणि हिशोब नसणं, नुकसान या दोन गोष्टींनी झालं. म्हणून तुमच्यासमोरच्या ट्रायलमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत का ते तपासा. आपल्याकडे २०१९ चे नवीन नियम आहेत, त्यानुसार ट्रायलमध्ये काही गंभीर झालं तर डॉक्टरला २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवावं लागतं, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई वेगळी. लहान मुलं असतील आणि औषध नव्या रेणूचं असेल तर संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. आणि सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर मागून घ्या, तो मोबाइलवर टाकून बघा, देशातली प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवावीच लागते. नंबर सापडला नाही तर तिथून उठून या.

आता धोके. ते लपवणारा डॉक्टर असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. रक्त गोठवणारे घटक एका पारड्यात आणि गोठणं आवरणारे दुसऱ्या पारड्यात असं समजा. हिमोफिलियात पहिलं पारडं हलकं असतं. आजवर आपण त्यात बाहेरून फॅक्टर टाकत आलो, पण फॅक्टर आठ शरीरात ८ ते १२ तासांत निम्मं होतं म्हणून सारखं शिरेत टोचावं लागतं. कातडीखाली घ्यायची नवी औषधं वेगळं काम करतात. एमिसिझुमॅब हे फॅक्टर नऊ आणि दहा यांना एकत्र आणतं, म्हणजे आठचं काम दुसऱ्याकडून करून घेतं. फिट्युसिरान, कॉन्सिझुमॅब, मारस्टॅसिमॅब ही औषधं दुसऱ्या पारड्यातलं वजनच कमी करतात. गंमत अशी की या औषधांवर असताना ब्लीड झालं आणि कोणी जुन्या सवयीनं भरपूर फॅक्टर, किंवा इनहिबिटरवाल्यांना फॅक्टरऐवजी देतात ते बायपासिंग औषध दिलं तर पारडं उलट्या बाजूला जाऊन गुठळी होऊ शकते.

हे झालेलं आहे. २०१७ मध्ये फिट्युसिरानच्या ट्रायलमध्ये एका रुग्णाला खुब्याच्या दुखण्यासाठी लागोपाठ फॅक्टर आठ दिलं गेलं, मेंदूच्या शिरेत गुठळी झाली आणि तो गेला. ट्रायल थांबवली, ब्लीड झाल्यावर किती फॅक्टर द्यायचं याचे डोस कमी केले, पुढे औषधाचाही डोस बदलला, आणि मग २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एमिसिझुमॅबच्या पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये इनहिबिटरवाल्या काही रुग्णांना बायपासिंग औषधाचे मोठे डोस एका दिवसापेक्षा जास्त काळ दिले गेले आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. कॉन्सिझुमॅबच्या ट्रायल २०२० मध्ये गुठळ्यांमुळेच काही काळ थांबवल्या होत्या.

यातून तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एकच. तुम्ही बार्शीकडच्या, ट्रायल पुण्यात, एसटीनं चार-पाच तास. रात्री ब्लीड झालं तर तुम्ही गावातल्या डॉक्टरकडे किंवा सिव्हिललाच जाणार. तिथल्या डॉक्टरला हे औषध माहीत नसेल आणि तो चांगल्या मनानं नेहमीचा डोस देईल. म्हणून पहिल्याच दिवशी पुण्याच्या टीमकडून कार्ड घ्या, मराठीत आणि इंग्रजीत, त्यावर औषधाचं नाव, ब्लीडला काय आणि किती द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर. तो नंबर एकदा रात्री दहाला लावून बघा. मी माझ्या पालकांना हे करायला सांगते, कोणाला राग आला तर येऊ दे.

अजून एक, तालुक्याच्या लॅबमध्ये हमखास होणारा घोळ. एमिसिझुमॅबवर असताना एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) नॉर्मल येतो, साध्या पद्धतीनं केलेली फॅक्टर आठची लेव्हलही खोटी जास्त दिसते. माझ्याकडे एक वडील नॉर्मल रिपोर्ट घेऊन पेढे घेऊन आले होते, मुलगा बरा झाला म्हणून, आणि पुढचा डोस त्यांनी चुकवलाही होता. त्यांना खरं सांगणं हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात जड काम होतं.

ट्रायलचा आराखडाही विचारा. बऱ्याच लोकांना वाटतं अर्ध्या मुलांना नुसतं पाणी टोचतात. हिमोफिलियात सहसा तसं नसतं, तुलनेचा गट म्हणजे ब्लीड झाल्यावर नेहमीचं फॅक्टर मिळणारा गट. एमिसिझुमॅबच्या २०१७ मध्ये छापलेल्या, इनहिबिटरवाल्या रुग्णांच्या अभ्यासात असा १८ जणांचा गट होता, त्यांना ब्लीड झाल्यावर फॅक्टरऐवजी बायपासिंग औषध मिळायचं, त्यांनाही २४ आठवड्यांनी नवं औषध सुरू केलं. नव्या औषधाच्या गटात उपचार लागणारे ब्लीड वर्षाला सरासरी २.९ आणि दुसऱ्या गटात २३.३ होते. म्हणून तुम्ही विचारायचं की माझा मुलगा तुलनेच्या गटात पडला तर किती आठवडे, तेव्हा फॅक्टर फुकट आणि खात्रीनं मिळेल का, की तेव्हाही आम्ही सिव्हिलच्या रांगेतच? आणि नवं औषध सुरू करण्याआधी जुनं बंद ठेवायचा काळ आहे का? त्या काळातला घोटा कोण सांभाळणार?

इनहिबिटरबद्दल थोडक्यात. म्हणजे शरीरानंच फॅक्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार करणं. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये साधारण चारातल्या एकाला, कधी जास्त, आणि बहुतेक वेळा फॅक्टर दिलेल्या पहिल्या पन्नास दिवसांतच. २०१६ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातली मुलंही होती, प्लाझ्मापासून केलेल्या फॅक्टरवर २६.८ टक्के आणि रिकॉम्बिनंटवर (जनुकतंत्रानं बनवलेल्या फॅक्टरवर) ४४.५ टक्के मुलांना इनहिबिटर आला. तुमचा मुलगा त्या पन्नास दिवसांच्या बराच पुढे गेलेला असणार, पण इनहिबिटर मोजणारी बेथेस्डा टेस्ट गेल्या वर्षभरात झाली नसेल तर ट्रायल असो नसो करून घ्या. महिन्याला दोन ब्लीड होतायत तेव्हा फॅक्टर लागू पडतंय की नाही हे बघायलाच हवं.

आता तिसरा प्रश्न, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ट्रायल संपल्यावर काय?

माझ्याकडचा एक मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, दीड वर्ष ट्रायलमध्ये होता. दीड वर्षात एक ब्लीड. शाळेत रोज जायला लागला, मुलांबरोबर पळायला लागला, आईनं शिरेत टोचणं सोडलं, हात विसरला, फ्रिजमधल्या वायल संपल्या त्या परत आणल्या नाहीत. मग ट्रायल संपली. पुढचं औषध मिळेल असं तोंडी सांगितलं गेलं होतं, कागदावर काहीच नव्हतं, आणि कागदपत्रं फिरण्यात पाच महिने गेले. औषधाचा असर हळूहळू उतरला, पण मुलगा तर पळतच होता. दोन्ही गुडघ्यांत ब्लीड झालं. आई मला म्हणाली, मॅडम, आधी निदान सवय तरी होती. ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि त्या पाच महिन्यांत आमच्या टीमनंही आधीच पाठपुरावा करायला हवा होता हे मला मान्य आहे.

२०१९ च्या नियमांत ट्रायलनंतर औषध फुकट देत राहण्याची तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. ट्रायलच्या डॉक्टरनं शिफारस करावी लागते, एथिक्स कमिटीची मान्यता लागते, औषधाचा फायदा झालेला असावा लागतो आणि दुसरा उपचार उपलब्ध नसावा लागतो. शेवटची अट आपल्याला नडते, कारण "फॅक्टर आहे की" असं कोणीही म्हणू शकतं. म्हणून सही करायच्या आधी विचारा की ट्रायलनंतर एक्स्टेंशन, म्हणजे औषध पुढे चालू ठेवायचा टप्पा आहे का, किती वर्षं, आणि ते कंसेंट फॉर्मच्या कुठल्या पानावर लिहिलंय. आणि ट्रायल चालू असताना सिव्हिलच्या डे केअरमधलं, म्हणजे फॅक्टर मिळतं तिथलं, नाव कापू देऊ नका, दर तीन महिन्यांनी तोंड दाखवून या, शिरेत टोचायची सवय सोडू नका.

ट्रायल हा एकच रस्ता नाही हेही लक्षात घ्या. एमिसिझुमॅब आता ट्रायलमधलं औषध राहिलेलं नाही, भारतात वापरात आहे. महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, पण तुमच्या डे केअरला लेखी विचारा. तेही नसेल तर कमी डोसचं नियमित फॅक्टर, आठवड्यातून दोनदा, किलोला १० युनिटच्या आसपास, हा आपल्यासारख्या देशांत वापरलेला मार्ग आहे. पूर्ण डोसाइतका नाही, पण ब्लीडची वाट बघत बसण्यापेक्षा पुष्कळ बरा. हे मिळालं तर ट्रायलची घाई नाही. हे मिळतच नसेल आणि ट्रायलमध्ये वरची सगळी उत्तरं नीट मिळाली तर मी स्वतः ट्रायलकडे झुकेन, हे मोकळेपणानं सांगते.

मिस्टरांच्या जीन थेरपीबद्दल. ती स्वप्न नाही, खरी आहे. २०११ मध्ये लंडनच्या टीमनं हिमोफिलिया बी च्या (यात फॅक्टर नऊ कमी असतं) सहा रुग्णांवर पहिलं चांगलं यश छापलं, २०२२ मध्ये बी साठीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत ३५ लाख डॉलर. रुपये नाही, डॉलर. ए साठीचंही आलं, पण त्यात फॅक्टरची पातळी वर्षागणिक खाली येत जाते असं दिसलं. आणि मुख्य म्हणजे ही मोठ्या माणसांसाठी आहेत. यात विषाणूच्या खोक्यातून जीन यकृतात पोचवतात, तो बहुतांशी पेशीच्या मूळ डीएनएत शिरत नाही, बाजूला राहतो. आठ वर्षांच्या मुलाचं यकृत अजून वाढतंय, पेशी दुप्पट होत जाणार आणि जीन विरळ होत जाणार. परत द्यावा तर शरीरात त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. म्हणजे एकच संधी, ती आठव्या वर्षी वापरायची नसते.

आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट वेल्लोरच्या सीएमसीत झालीय. तिथे रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून त्यात जीन घालून परत दिल्या, २२ ते ४१ वयाचे पाच पुरुष, २०२४ च्या डिसेंबरमध्ये छापून आलं, आणि त्यांच्यात नंतर ब्लीड झाले नाहीत. यात जीन पेशीच्या डीएनएत बसतो, त्यामुळे पुढे कधीतरी लहान वयातही उपयोग होईल अशी आशा आहे. पण त्याआधी केमोथेरपी द्यावी लागते आणि आकडा अजून पाच आहे. मिस्टरांना एवढंच सांगा, जीन थेरपी जेव्हा येईल तेव्हा मुलगा चांगल्या घोट्यानं तिथे पोचला पाहिजे, कारण जीन थेरपी झिजलेला सांधा दुरुस्त करत नाही.

आणि मुलाला विचारा. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) मार्गदर्शनात ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची असते. मी मुलांशी आईवडिलांना पाच मिनिटं बाहेर बसवून बोलते. एकानं मला सांगितलं होतं की सुईची भीती नाही, पण दर खेपेला शाळा बुडते आणि सर ओरडतात. मग आम्ही व्हिजिट शनिवारी घेतल्या. हे आईलाही माहीत नव्हतं.

पुण्याला भेटायला जाल तेव्हा सासऱ्यांना बरोबर न्या, कंसेंट फॉर्म मराठीत मागा, त्याच दिवशी सही करू नका, घरी आणा. कुठल्याही क्षणी बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून सासऱ्यांना ऐकू द्या. ट्रायलचा निर्णय होईपर्यंत फिजिओकडे जाणं सुरू करा, ब्लीड चालू नसताना पोटरीची आणि घोट्याची ताकद वाढवली तर ब्लीड कमी होतात, आणि वेदनेला ब्रुफेनसारखी किंवा अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. तुम्ही लिहिलंय की मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे. तुमच्या भावालाही आहे आणि मुलालाही, म्हणजे तुम्ही कॅरियर, या आजाराचं जनुक पुढे नेणाऱ्या आहात आणि मुलगीही असण्याची शक्यता निम्मी. कॅरियर मुलींची फॅक्टर लेव्हल कधीकधी इतकी कमी असते की पाळीत खूप रक्त जातं आणि घरात सगळे म्हणतात बायकांचं असतंच असं. तिची लेव्हल पाळी सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या, तुमचीही घ्या. जनुकाची तपासणी मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे तिथे होते, सिव्हिलच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि मुलाचे जुने रिपोर्ट घेऊन जा. औषधाचं नाव आणि इनहिबिटरचा रिपोर्ट कळला की इथेच लिहा, मी बघेन.